मदत हवी आहे: बैलाच्या शिंगाचा मार, कातडी शाबूत, पण पोटावर गाठ

माणगंगा:

नमस्कार मंडळी. आमचं गाव आटपाडी तालुक्यात. मी नोकरीसाठी पुण्यात असते, आई-अण्णा गावी. अण्णांचं वय ६१. घरी खिल्लार बैलजोडी आणि दोन म्हशी.

बेंदराच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या संध्याकाळी, अण्णा बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळत होते. शिंगं सकाळीच साळून हिंगूळ लावला होता, टोकांना पितळी शेंब्या चढवल्या होत्या. पलीकडच्या वस्तीवर फटाका वाजला, बैल बुजला आणि त्याने मान झटकली. तो मारका नाही, अण्णांच्या हातचं वासरू आहे. पण शेंबी अण्णांच्या पोटात बसली. उजवीकडे, बेंबीच्या खाली आणि कमरेच्या हाडाच्या वर. पाठीमागे गव्हाण, त्यामुळे त्यांना मागे सरायलाही जागा मिळाली नाही.

रक्त आलं नाही. रुपयाएवढं खरचटलं, दुसऱ्या दिवशी तळहाताएवढा काळानिळा डाग उठला. सगळे म्हणाले, देवानं राखलं, मुका मार आहे. गावातल्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, "रक्त साकळलंय, शेकत राहा" म्हणाले. अण्णा तिसऱ्या दिवशी धारा काढायला बसले.

आज पाच आठवडे झाले. जेवण नीट आहे, ताप नाही. डाग गेला, फुगवटा राहिला. झोपले की दिसत नाही, उभे राहिले की लिंबाएवढा, वैरणीचा भारा उचलला की पेरूएवढा. गेल्या शनिवारी गावी गेले तेव्हा मी हात ठेवून त्यांना खोकायला सांगितलं. बोटांखाली गुडगुडलं. दाबल्यावर ते आत सरकलं आणि माझ्या बोटाला मांसाची एक कड लागली, फाटलेल्या पोत्याची लागते तशी. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

तालुक्याला सोनोग्राफी केली. झोपवून केली, रिपोर्ट नॉर्मल. दुसरे डॉक्टर म्हणाले हर्निया आहे, पट्टा बांधा, ऑपरेशन सवडीने करू. अण्णांनी त्यातला "सवडीने" एवढाच शब्द धरलाय. बाजरी निघेपर्यंत कुठं जायचं नाही म्हणतात.

मला विचारायचंय ते असं. जन्मात कधी हर्निया नव्हता, तो एका माराने होतो का? कातडी फाटली नसताना आतलं कसं फाटलं? बाजरी निघायला अजून महिनाभर आहे, तेवढं थांबणं धोक्याचं आहे का? पट्ट्याने भरून येईल का? आणि ऑपरेशनमध्ये भोकावर आधाराला जाळी बसवायची म्हणतात, पण असा मार लागलेल्या जागी ती चालते का? कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया लिहा. बैल विकून टाका असं मात्र सांगू नका, तो विषय आमच्या घरात रडारडीचा झालाय.

टाका:

मी सर्जन आहे, ग्रामीण भागात काम करतो. तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण तुम्ही बोटाने जे जाणलंत ते फार मोलाचं आहे. डॉक्टरांना त्याच शब्दांत सांगा.

माराने हर्निया होतो. दुर्मिळ आहे, पण वैद्यकीय लेखनात १९०६ पासून त्याच्या नोंदी आहेत. सायकलवरून पडताना हॅन्डलचं टोक पोटात बसलेल्या मुलांमध्येही हाच प्रकार दिसतो. कातडी ताणली जाते, स्नायू आणि त्यावरचा चिवट पडदा तेवढा ताणत नाही. टोक अणकुचीदार असेल तर सगळंच भोसकतं, बोथट असेल तर सगळा जोर एका जागी पडून कातडीखालचे थर फाटतात. तुमच्या बैलाच्या शिंगाला शेंबी होती. ती नसती तर शिंग आत गेलं असतं आणि हा धागा वेगळाच झाला असता. पण तिच्यामुळेच हा मार मुका वाटला आणि कुणी पुढे तपासलं नाही. पोटाच्या खालच्या बाजूचे स्नायू तसेही पातळ असतात.

साकळलेलं रक्त झोपल्यावर आत जात नाही, खोकल्यावर बाहेर येत नाही. इथेच फरक कळायला हवा होता. सोनोग्राफी उभं करून, खोकायला लावून करावी लागते. अशा मारात मी सीटी स्कॅनच मागतो. भोक केवढं आहे, त्यात आतडं आहे की नुसती चरबी, आणि आत आणखी काही दुखावलंय का, हे सगळं त्यात दिसतं. खरं म्हणजे हा स्कॅन पहिल्याच दिवशी व्हायला हवा होता, कारण शिंगाच्या माराने आतडं किंवा त्याचा रक्तपुरवठा करणारा पडदा फाटला तर पहिले काही तास वरून काही कळत नाही. पाच आठवडे ते जेवताहेत, ताप नाही, म्हणजे तो धोका टळलेला दिसतो.

आता बाजरीचं. पट्ट्याने भोक बुजत नाही, ऑपरेशनपर्यंत आधार म्हणून ठीक. जितका उशीर तितके फाटलेले स्नायू मागे आखडतात आणि कडा जुळवणं अवघड होतं. जाळीचं म्हणाल तर, आतडं फुटून घाण पसरली असेल तेव्हा ती टाळावी लागते, कारण तिला जंतुसंसर्ग होऊ शकतो. तुमच्याकडे जखम बंद आहे आणि मधे वेळ गेलाय, तेव्हा जाळी बहुधा चालेल. निर्णय स्कॅन पाहून.

हे मात्र घरात सगळ्यांना पाठ करायला लावा: फुगवटा आत जाईनासा झाला, दगडासारखा टणक किंवा लाल झाला, दुखायला लागला, उलट्या सुरू झाल्या, वारा सरणं बंद झालं, तर त्याच तासाला गाडी काढा. आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटतो. दाबून आत ढकलायचा प्रयत्न करत बसू नका, पाणीही पाजू नका.

रानवाटा:

आमच्या चुलत्यांना म्हशीनं मारलं होतं. त्यांचं उलटं, पोट फाटून आतडं बाहेर आलं होतं. गर्दीतल्या एकानं ते आत घालायला हात पुढे केला, माझ्या बहिणीनं तो धरला. ती नर्सिंगला होती. स्वच्छ धुतलेलं पातळ ओलं करून वरून झाकलं, पाय गुडघ्यात मुडपून झोपवलं आणि तसंच जीपमधून नेलं. वाचले. धागा वाचणाऱ्या गोठेवाल्यांनी एवढं लक्षात ठेवा.

खर्चाचं: महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, हे ऑपरेशन तिथे बसतं का ते तो बघून सांगेल. शेतकरी अपघात योजनेचं अनुदान मृत्यू आणि अपंगत्वासाठी आहे, त्यात हा खर्च निघणार नाही. वनखात्याची भरपाई रानडुकरासारख्या वन्यप्राण्यांनी केलेल्या इजेसाठी असते, घरच्या बैलाला नाही.

गोठाघर:

मी पशुवैद्यक. गाईम्हशींमध्ये हे आम्हाला नेहमी दिसतं. दावणीला शेजारची शिंग मारते, कातडी शाबूत, आणि कुशीखाली फुगवटा. अनेकदा मालक गळू समजून सुई टोचायला सांगतात. आतडं असतं ते! माणसाच्या गाठीलाही कुणी वैदूनं चिरा मारू नये म्हणून लिहितोय.

ताई, बैल विकायची गरज नाही. जागा बदला. गव्हाण आणि बैल यांच्यामध्ये माणूस अडकेल असं कधी उभं राहू नये, निसटायला एक बाजू मोकळी हवी. खांदेमळणी करताना दुसऱ्यानं म्होरकी धरावी.

माणगंगा:

सगळ्यांचे मनापासून आभार. टाका यांचा प्रतिसाद मी अण्णांना फोनवर वाचून दाखवला. शेंबीचं ऐकल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "स्कॅन करू."

काल मिरजेला सीटी झाला. स्नायूंच्या थरात साधारण ४ सेंटिमीटरचं भोक आहे, लहान आतड्याचा वेढा त्यातून कातडीखाली येतो. आत दुसरी इजा नाही. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन, जाळी बसवणार आहेत. तोपर्यंत भारा, पाण्याची घागर, काहीच उचलायचं नाही. बिडी आजपासून बंद, कारण खोकल्याने टाके ताणतात. बाजरीला भाऊ रजा काढून येतोय.

एक शेवटचा प्रश्न राहिला. ऑपरेशननंतर म्हशीच्या धारा काढायला उकिडवं बसणं किती दिवसांनी चालेल? डॉक्टरांना विचारायचं घाईत राहून गेलं, आणि अण्णा सकाळपासून तेवढंच विचारताहेत.

टाका:

चालणं दुसऱ्या दिवसापासून. उकिडवं बसणं आणि ओझं किमान सहा आठवडे नाही, जड भारा तीन महिने तरी नाही. नेमकी मुदत तुमचे सर्जन भोक शिवल्यावर सांगतील, त्यांचं ऐका. धारांना तोवर दुसरं कुणीतरी बघा.