मदत हवी आहे : कामगारांशी मोकळेपणाने बोलावे कसे?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पीएच.डी.साठी मी कायम आणि कंत्राटी कामगारांमधील नात्यांचा अभ्यास करीत असून, गेला दीड महिना नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळी बदलण्याच्या वेळी जाऊन बसते. अडचण अशी की, मी वही उघडताच प्रेसवरचा मुलगा कपाळावर चढवलेला गॉगल डोळ्यांवर ओढतो आणि सुपरवायझर ‘बोला की रे मॅडमशी’ म्हणत तिथेच उभे राहतात.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या अभ्यासातही, ठरावीक प्रश्न बाजूला ठेवून कामगाराला त्याच्या मनातले बोलू देण्याची पद्धत पुढे स्वीकारावी लागली होती. माझ्या मार्गदर्शकांना मात्र प्रश्नावलीच हवी आहे. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर हीच मंडळी ओव्हरटाइमपासून ठेकेदारापर्यंत सगळे सांगतात, पण संमतीपत्र पुढे केले की सही नको म्हणून उठतात, आणि त्यांची भीती मला रास्तच वाटते.

सातपूर-अंबड भागात असे काम केलेल्यांनी कृपया सांगावे : तोंडी संमतीची नोंद आपण कशी ठेवली, आणि विद्यापीठाच्या समितीने ती मान्य केली का?