मदत हवी आहे: भाच्याकडून आलेला वापरलेला कार्बन हँडलबार बसवावा का?

नमस्कार मंडळी,

मी परतवाड्याजवळच्या एका खेड्यात राहतो आणि तिथून ११ किलोमीटरवर असलेल्या शाळेत विज्ञान शिकवतो. हे अंतर मी गेली पाच वर्षे माउंटन बाइकवरूनच कापतो. त्यातले सात किलोमीटर पांदण रस्ता, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट आहे, आणि पांदण म्हणजे काय हे विदर्भाबाहेरच्या वाचकांना थोडे सांगायला हवे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाक आणि फोर्क यांच्यामध्ये इतका भरतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पुढे आंबिया बहाराची संत्री तोडायला ट्रॅक्टर येऊ लागले की त्यांच्या चाकोऱ्या त्याच मातीत खोल उमटतात आणि वाळून विटेसारख्या कडक होतात. सध्या रस्ता नेमका या दुसऱ्या अवस्थेत आहे. सुट्टीच्या दिवशी जमेल तेव्हा मी चिखलदऱ्याचा घाट चढतो आणि अर्थातच तेवढाच उतरतोही.

माझी अडचण हातांची आहे. शाळेत पोहोचल्यावर पहिल्या तासाला खडू धरतो तेव्हा उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आपले नसल्यासारखे वाटते. बधिरपणा अर्ध्या तासात जातो, मात्र दिवाळीनंतर तो रोजचा झाला आहे. ही हकीकत मी पुण्याच्या भाच्याला फोनवर सांगितली. त्याने नुकताच आपल्या सायकलला नवा, अधिक रुंद हँडलबार बसवला होता, म्हणून काढून ठेवलेला जुना कार्बनचा, म्हणजे कार्बनच्या धाग्यांच्या थरांनी बनलेला हँडलबार त्याने मला कुरिअरने पाठवून दिला. कार्बन धक्के पिऊन टाकतो, मामा, तुमचा त्रास जाईल, असे त्याचे म्हणणे आहे.

सायकलचा तपशील असा. चौकट ॲल्युमिनियमची, चाके २७.५ इंची, टायर २.१ इंच रुंद, पुढे १०० मिलिमीटर खेळाचा स्प्रिंगचा फोर्क, ज्याला आमच्याकडे सरसकट शॉकअप म्हणतात, आणि दोन्हीकडे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. माझे वजन ६८ किलो असून पाठीवर चारेक किलोची पिशवी असते. शाळेतल्या व्हर्निअर कॅलिपरने मी दोन्ही हँडलबार मोजले. स्टेममध्ये, म्हणजे हँडलबार सायकलला जोडणाऱ्या भागात, पकडला जाणारा मधला भाग दोन्हींचा ३१.८ मिलिमीटर आणि मुठीकडचा २२.२ मिलिमीटर आहे, त्यामुळे मापाचा प्रश्न नाही. वजन मात्र गावातल्या सोनाराच्या काट्यावर करून घेतले. माझा ७२० मिलिमीटर रुंदीचा ॲल्युमिनियमचा बार ३३८ ग्रॅम भरला आणि भाच्याचा ७४० मिलिमीटरचा कार्बनचा २१२ ग्रॅम. फरक १२६ ग्रॅमांचा, म्हणजे आमच्या बागेतल्या एका मध्यम संत्र्याइतका. तेवढ्यासाठी मी हा उद्योग करणार नाही, हे मलाही कळते. मला हवा आहे तो हाताला आराम.

आता ज्या गोष्टींमुळे मी थांबलो आहे त्या सांगतो. पहिली म्हणजे बारवरची एक खूण. मधल्या जाड भागावर, माझ्या स्टेमची पट्टी जिथे संपेल तिथून बोटभर अंतरावर, खालच्या बाजूला सुमारे दोन सेंटिमीटर लांबीची, गोलाईने गेलेली एक बारीक रेघ आहे. ती वरच्या लाखेवर आहे की आत उतरली आहे, हे भिंगातून पाहूनही मला ठरवता आले नाही. भाचा म्हणतो की तो या बारवर एकदा पडला होता, मात्र हलकेच. दुसरी गोष्ट म्हणजे बोल्ट कसण्याची. बारवर कमाल ५ न्यूटन-मीटर (बोल्ट पिळण्याच्या जोराचे माप) असे छापलेले आहे. आमच्या बाजारातले सायकल मिस्त्री कामाला चोख आहेत, पण टॉर्क रेंच, म्हणजे हा जोर मोजून कसणारा पाना, त्यांच्याकडे नाही. मी विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “गुरुजी, असा टाईट करतो का जिंदगीभर हालत नाही,” आणि त्या वाक्यानेच मला धडकी भरली.

यावर मी एक तोड काढली आहे आणि ती बरोबर आहे का, हे जाणकारांनी सांगावे. स्टेमच्या बोल्टला ४ मिलिमीटरची ॲलन की लागते. तिची लांब बाजू बोल्टच्या मध्यापासून ७ सेंटिमीटर भरते. तिच्या टोकाला प्रयोगशाळेतला ताणकाटा अडकवून काटकोनात ओढले, तर ५ न्यूटन-मीटरसाठी सुमारे ७१ न्यूटन, म्हणजे काट्यावर साधारण ७.३ किलो दिसायला हवेत. मी ६ किलोवरच थांबलो, तर ४ न्यूटन-मीटरच्या आसपास बोल्ट कसला जाईल. हे पुरेसे सुरक्षित आहे का? आणि मुळात या रेघेसह हा बार बसवावा का? कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: घाटवाट

गुरुजी, आपण मोजमाप इतक्या नीट दिले आहे की उत्तर देणे सोपे झाले. मी नागपुरात सायकलदुरुस्तीचेच काम करतो, म्हणून आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो: बसवू नका.

कारण त्या रेघेची जागा आणि तिचा आकार. हँडलबारवर आपण जोर देतो तेव्हा सर्वांत मोठा ताण स्टेमच्या कडेपाशी येतो. बारच्या गोलाईला धरून गेलेली रेघ ही सहसा आधीच्या स्टेमच्या कडेने उमटवलेली असते. भाच्याचा स्टेम आपल्या स्टेमपेक्षा रुंद पट्टीचा असावा, म्हणून त्याची कड आता आपल्या पट्टीच्या बाहेर दिसते आहे. पट्टीचे वरचे आणि खालचे बोल्ट कमीअधिक कसले गेले, किंवा पडताना बार पट्टीतच किंचित फिरला, तर ती कड करवतीसारखी लाखेतून धाग्यांपर्यंत जाऊ शकते. एक साधी खात्री करून पाहा. जागा स्पिरिटने पुसा आणि रेघेवरून नख आडवे फिरवा. नख अडकले नाही तर ओरखडा बहुधा लाखेपुरता आहे. अडकले तर तो बार संपला असे समजा. नाण्याने टकटक करून आवाज ऐकण्याची पद्धत आपल्याला कोणीतरी सांगेलच, मात्र इतक्या लहान व्यासाच्या आणि जागोजागी जाडी बदलणाऱ्या नळीवर तिच्या भरवशावर घाट उतरू नये. नख अडकले नाही तरीही, ज्या बारवर कोणी पडले आहे आणि ज्याचा इतिहास आपल्याला फोनवरून कळला आहे, तो मी गिऱ्हाइकाला बसवून देत नाही.

ॲल्युमिनियम अमर आहे असे यातून समजू नका. त्याला थकवा येतोच. फरक इतका की पडल्यावर ते बहुतेक वेळा वाकून दाखवते. कार्बन बाहेरून सरळ आणि चकचकीत राहतो आणि आतले थर सुटलेले असू शकतात. नवा, चांगल्या कंपनीचा कार्बन बार कमकुवत असतो, असे माझे म्हणणे अजिबात नाही. आयएसओ ४२१० या सायकलींच्या आंतरराष्ट्रीय मानकात हँडलबार आणि स्टेमला १,००,००० आवर्तनांच्या टप्प्यांनी थकवून पाहतात आणि ती परीक्षा कार्बनचे बारही देतात. ती परीक्षा मात्र न पडलेल्या बारची असते.

ताणकाट्याची युक्ती मला मनापासून आवडली. गणित बरोबर आहे. ॲल्युमिनियमच्या बारसाठी ती खुशाल वापरा. फक्त ओढ शेवटपर्यंत काटकोनात ठेवा, चारही बोल्ट तिरपे-तिरपे, थोडेथोडे कसा आणि पट्टीच्या वरची व खालची फट सारखी राहते का ते बघत जा. कार्बनसाठी मात्र टॉर्क रेंचच हवा, शिवाय बारीक कणांची कार्बन पेस्टही, कारण तिच्यामुळे कमी दाबातही बार फिरत नाही. तिच्याऐवजी साधे ग्रीस लावू नका. बार घसरू लागतो आणि मग मिस्त्री तो घट्ट करण्याच्या नादात पिळत सुटतो.

प्रतिसाद: डांबरट

मी डांबरी रस्त्यावर चालवणारा माणूस आहे, तरी बधिर बोटांचा अनुभव माझाही आहे. करंगळी आणि अनामिका यांच्याकडे जाणारी नस तळहाताच्या करंगळीकडच्या गादीखालून जाते आणि मुठीवर नेमका तिथेच भार पडला की ती दबते. ही तक्रार सायकलस्वारांमध्ये इतकी जुनी आहे की डॉक्टरांच्या भाषेत तिला सायकलस्वारांच्या नावाचेच नाव आहे. त्यामुळे बार कशाचा आहे, याआधी हातावर भार किती आणि कुठे येतो, हे पाहायला हवे. आपण टायरमध्ये हवा किती ठेवता? बसताना सीटचे टोक खाली झुकलेले आहे का? ब्रेकचे दांडे किती खाली वळवलेले आहेत?

प्रतिसाद: धागाकर्ता

दोघांचेही आभार. हवा मिस्त्री भरतात, ती आज गेजने मोजली तर पुढे ५८ आणि मागे ६० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) निघाली. टायरच्या कडेवर ३० ते ६५ असे छापले आहे. आमच्याकडे टायर दगडासारखा कडक लागला की हवा बरोबर भरली असे मानतात आणि मीही तसेच मानत होतो. सीटचे टोक किंचित खाली आहे. ते मीच दोन वर्षांपूर्वी केले होते, कशासाठी ते आता आठवत नाही. ब्रेकचे दांडे जमिनीला जवळजवळ समांतर आहेत, त्यामुळे ते धरताना मनगट वरच्या दिशेने मोडते, हे आपण विचारल्यावर प्रथमच लक्षात आले.

प्रतिसाद: डांबरट

मग आपला कार्बन बार आपल्या टायरमध्येच आहे. पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआयपासून सुरुवात करा. दोन इंची टायरमधली हवा जेवढा धक्का खाते, तेवढा कोणताही हँडलबार खात नाही. पुढच्या चाकात ५८ पीएसआय भरून कार्बन बार बसवणे म्हणजे बैलगाडीच्या धावेवर मखमल चढवणे आहे. एक सावधगिरी: ट्यूब असल्यामुळे कमी हवेत गिट्टीच्या कडेवर ट्यूब रिमला चिमटून दोन छिद्रांचे पंक्चर होऊ शकते. तसे झाले तर दोन-दोन पीएसआयने वर या. सीट पातळीत आणा, नाहीतर शरीर पुढे घसरते आणि त्याला हातांनी थोपवावे लागते. ब्रेकचे दांडे असे वळवा की बोटे त्यांवर ठेवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेषा राहील. यातले काहीच विकत आणावे लागत नाही. यानेही भागले नाही तर तळहाताला पंखासारखा आधार देणाऱ्या, बोल्टने पक्क्या होणाऱ्या मुठी घ्या.

प्रतिसाद: घाटवाट

डांबरट यांच्याशी सहमत. एकावेळी एकच बदल करा आणि तीन-चार दिवस चालवून मग पुढचा करा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. विज्ञानाच्या शिक्षकांना हे सांगायला नको, तरी सांगितले. बधिरपणा दिवसभर टिकू लागला किंवा पकड ढिली पडू लागली, तर मात्र सायकलचे प्रयोग थांबवून डॉक्टरांना दाखवा.

प्रतिसाद: धागाकर्ता

तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे. हवा आधी कमी केली. पहिल्याच दिवशी पांदणीत सायकल दुसऱ्याच कोणाची असावी असे वाटले. चाकोरीच्या कडेवरून चाक आपटत नव्हते, चढून जात होते. चौथ्या दिवशी नाल्याजवळच्या गिट्टीवर तंतोतंत आपण सांगितलेले दोन छिद्रांचे पंक्चर झाले, म्हणून आता पुढे ३२ आणि मागे ३६ ठेवतो. बाभळीच्या काट्यांची पंक्चरे पूर्वीइतकीच होतात, त्यांना हवेशी देणेघेणे नाही. त्यानंतर ब्रेकचे दांडे खाली वळवले आणि सर्वांत शेवटी सीट पातळीत आणली. पहिल्या दोन बदलांनी मोठा फरक पडला, सीटचा फरक मला वेगळा जाणवला नाही. शाळेत जाताना बोटे आता बधिर होत नाहीत. चिखलदऱ्याहून घाट उतरताना, सतत ब्रेक धरून ठेवल्याने असेल, शेवटच्या आठ-दहा किलोमीटरांत अजून मुंग्या येतात.

कार्बनच्या बारवरची रेघ स्पिरिटने पुसून नख फिरवले. वरच्या बाजूने ते घसरून गेले, पण रेघेच्या मधोमध टच करून अडकले. वर्गातल्या तीन मुलांनाही, काहीच न सांगता, नख फिरवायला सांगितले. तिघांचेही त्याच जागी अडकले. तो बार कोणाच्या सायकलवर चढू नये म्हणून कापून टाकायचे ठरवले आहे आणि कापलेला तुकडा थर दाखवण्यासाठी प्रयोगशाळेत ठेवायचा आहे. कापताना धूळ नाकात जाऊ नये म्हणून पाणी टाकत आणि मास्क लावून कापणे पुरेसे आहे का, आणि साधे बारीक दातांचे हॅकसॉ पाते चालेल का?

दुसरा प्रश्न घाटातल्या मुंग्यांचा. ॲल्युमिनियमचाच, पण मागे अधिक वळलेला बार घ्यावा असा विचार आहे. सध्याच्या बारचे मागचे वळण ५ अंशांचे आहे, बाजारात ९ अंशांचे मिळतात. तेवढ्या फरकाने मनगटाला आराम पडेल का, की त्याबरोबर बारची उंचीही २० मिलिमीटरने वाढवावी लागेल? स्टेम ७० मिलिमीटर लांबीचा आहे आणि त्याच्याखाली १० मिलिमीटरची एक कडी शिल्लक आहे.