फोन गेला! बॅकअप होता का? (अनुभव सांगा, रडगाणी चालतील)

गंगेकाठची
रंगपंचमीला भाचा आमच्या नाशिकच्या तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, धप्पा मारून आला. कानामागचा रंग अजून निघालेला नाही. खिशातल्या फोननेही त्याच्याबरोबरच धप्पा मारला. घरी आल्यावर बहिणीचा पहिला प्रश्न, "बॅकअप होता का?" आणि माझ्या पोटात जुना खड्डा पडला.

२०१६ ची गोष्ट. माझा आयफोन ५ एस धुण्याच्या बादलीत गेला. मी अजिबात घाबरले नाही, कारण पंधरा दिवसांपूर्वीच नवऱ्याने आयट्यून्स या अ‍ॅपलच्या प्रोग्रामवर कॉम्प्युटरमध्ये पूर्ण बॅकअप घेतला होता. ऐटीत दुसरा फोन आणला, केबल जोडली, 'रिस्टोअर बॅकअप' दाबलं. समोर एक चौकोन आला, पासवर्ड टाका. कसला पासवर्ड? बॅकअप घेताना त्याने 'एन्क्रिप्ट' (म्हणजे कुलूपबंद) वर टिक केली होती आणि काहीतरी पासवर्ड दिला होता. काय दिला होता ते त्याला आठवेना. अजून आठवत नाही.

त्यात मुलाचं पहिलं दीड वर्ष आहे. आणि १३ सप्टेंबर २०१५ च्या कुंभमेळ्यातल्या पर्वणीचा एक व्हिडिओ, सासरे रामकुंडाजवळच्या गर्दीत टोपी हरवली म्हणून एका पोलिसाशी भांडतायत आणि तो पोलीस त्यांना काका काका म्हणत समजावतोय. सासरे आता नाहीत. तो ११ जीबीचा फोल्डर तीन कॉम्प्युटर बदलले तरी मी पुढे नेत आलेय. उघडत नाही आणि डिलीट करवत नाही.

तुमचं काय काय गेलं, काय परत मिळालं, लिहा.

सेकंडशिफ्ट
माझा किस्सा फालतू आहे पण लिहितो. दोन तास कॉम्प्युटरला फोन दिसेना. ड्रायव्हर टाकले, पोर्ट बदलले, रीस्टार्ट केलं, शेजाऱ्याचा लॅपटॉप आणला. फोन आपला मजेत चार्ज होतोय. शेवटी कळलं की केबल मेनरोडवरून पन्नास रुपयांत घेतलेली, आत नुसत्या चार्जिंगच्या तारा, डेटाच्या तारा नाहीतच. तेव्हापासून घरातल्या चांगल्या केबलला लाल चिकटपट्टी लावून ठेवलीय आणि ती बायको मिक्सरच्या वायरला गुंडाळायला वापरते.

टिकटिक
@सेकंडशिफ्ट केबलला की चिकटपट्टीला? 😂

सेकंडशिफ्ट
दोन्हीला.

पिंपळगावकर
आमचा फोन ब्लोअरच्या टाकीत गेला. औषध कालवायला वाकलो न् वरच्या खिशातून सटकला. टाकीत द्राक्षावरच्या डाउनी रोगाचं औषध. बाहेर काढला तर स्क्रीन हिरवी. माझ्या जिवाला घोर फोनचा नव्हता. ऑक्टोबर छाटणीपासूनच्या सगळ्या फवारण्या, कुठलं औषध, किती प्रमाण, कोणती तारीख, हे मी स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकून ठेवतो. वही आहे पण वही घरी, बाग मळ्यात. एक्सपोर्टला माल द्यायचा म्हणजे ह्या नोंदी मागतात. मागच्या तारखेच्या अंदाजाने लिहिलं न् रेसिड्यू, म्हणजे मालात औषधाचा अंश, निघाला तर सगळा माल लोकलला.

नशीब असं की पोरगी कॉम्प्युटरच्या क्लासला जाते. तिने आठ दिवस आधी माझा फोन लॅपटॉपला लावून 'अँड्रॉइड', त्यात 'मीडिया', त्यात कॉम व्हॉट्सअ‍ॅप नावाचं फोल्डर असतं ते अख्खं कॉपी करून ठेवलं होतं. मी तिला ओरडलो होतो की चार्जिंग संपवते म्हणून. नव्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप टाकायच्या आधी तिने ते फोल्डर त्याच जागी ठेवलं, मग अ‍ॅप टाकलं, तोच नंबर दिला, तर स्वतःहून म्हणालं बॅकअप सापडला, रिस्टोअर करू का. आठ दिवसांचं तेवढं गेलं. तेवढ्या दोन फवारण्या दुकानदाराच्या बिलावरून लावल्या.

मीठभाकर
@पिंपळगावकर दादा पोरीला क्लासची फी परत मिळाली का बक्षीस म्हणून

पिंपळगावकर
सायकल मागत होती, घेतली. यंदा भाव बरा होता.

मीठभाकर
कांद्याचं काय चाललंय तिकडे?

पिंपळगावकर
नको विचारू.

भांडीबाजार
माझं उलटं झालंय. फोन वाचला, बॅकअप बुडाला.

४ ऑगस्ट २०१९, रविवार. गावातले सगळे नाशिककर पाणी बघायला गंगेवर (गोदावरीवर), आणि आम्ही भांड्यांच्या दुकानातला माल वर चढवतोय. आमच्याकडे पूर मोजायला नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. कंबरेला पाणी आलं की सराफ बाजारवाले हलतात, छातीला आलं की आम्ही. त्या दिवशी तो दिसेनासा झाला. पितळी पातेली, हंडे, समया सगळं पोटमाळ्यावर नेलं. कॉम्प्युटर विसरलो. टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला डबा. त्यात पाच वर्षांचे फोनचे बॅकअप होते, माझे, भावाचे, बाबांचे. मी फार शिस्तीचा माणूस, दर अमावस्येला वजनकाटे पुसायचे आणि फोनचा बॅकअप घ्यायचा.

तीन दिवसांनी गाळ काढला तेव्हा कॉम्प्युटरच्या डब्यातून एक मासा निघाला. खोटं नाही. बोटाएवढा.

फोन त्या सगळ्या वेळात माझ्या खिशात होता, काही झालं नाही त्याला. पण जुने फोन विकून टाकलेले, त्यातलं जे होतं ते त्या डब्यातच होतं. आता एक हार्डडिस्क बहिणीकडे इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर आहे. दिवाळीला आणतो, भरतो, भाऊबीजेला परत देतो.

गंगेकाठची
मासा 😳 बाप रे. त्या पुरात आमचं पण तळघर भरलं होतं, पण मासा नाही.

निवांत नाना
सर्वांचे अनुभव वाचले. आमच्या काळात नोकिया पीसी सूट होते. निळी केबल जोडायची, 'काँटॅक्ट्स' घ्यायचे, झाले. सन २००९ मध्ये एकदा मी चुकून उलट दिशेने म्हणजे कॉम्प्युटरमधून फोनमध्ये चार वेळा घेतले. परिणामी 'शिंदे प्लंबर' चार वेळा, 'गॅस' चार वेळा, आणि सौ. चार वेळा. त्यातल्या कोणत्या नंबरवर ती फोन उचलेल हे कळत नसे. आता मुलाने त्याचा जुना आयफोन पाठवला आहे. केबल जोडली की 'ट्रस्ट धिस कॉम्प्युटर' असे विचारते. काय करावे?

टिकटिक
सौ. चार वेळा 😂😂 नाना तुम्ही वेगळा धागा काढा

जुनाबग
दोन-तीन गोष्टी लिहून ठेवतो, कामात आहे, त्यामुळे तुटक.

ताई, एन्क्रिप्टेड बॅकअपचा पासवर्ड अ‍ॅपलकडे नसतो, त्यांना विचारून उपयोग नाही. फोनमध्ये 'रिसेट ऑल सेटिंग्ज' केलं की पासवर्ड जातो असं कोणी सांगेल. आयओएस ११ पासून ते खरं आहे, पण त्याने फक्त पुढचे बॅकअप नव्या पासवर्डने घेता येतात. जुना फोल्डर बंदच राहतो. बिचाऱ्या नवऱ्याने टिक केली ती चुकीची नव्हती. टिक केली नाही तर सेव्ह केलेले पासवर्ड आणि हेल्थचा डेटा कॉम्प्युटरवरच्या बॅकअपमध्ये येतच नाही. त्याने ती टिक बरोबर केली आणि पासवर्ड कुठे लिहिला नाही, एवढंच.

तेव्हा पासवर्ड आठवून बघत राहा. चुकला तर फाइलला काही होत नाही. तुमचा जुना कीबोर्ड कसा होता? कॅप्स लॉक चालू राहून गेलं असेल ही पहिली शक्यता.

मॅकवाल्यांसाठी: मॅकच्या २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून आयट्यून्स गेलं, फाइल्स दिसतात त्या फाइंडरमध्येच फोन दिसतो. विंडोजवाल्यांसाठी: बॅकअप गुपचूप सी ड्राइव्हवर जाऊन बसतो. "माझा सी ड्राइव्ह का भरला" म्हणून मला दर महिन्याला एक तरी फोन येतो. फक्त फोटो ओढताना मध्येच एरर येऊन कॉपी थांबत असेल तर आयफोनच्या सेटिंगमध्ये फोटोजखाली 'कीप ओरिजिनल्स' करा. बहुतेकांचं तिथेच अडतं.

आभाळमाया
मी रिस्टोअरच चुकीचं केलं होतं. कोणाला तरी उपयोग होईल म्हणून सांगते. माझ्या चालू, धडधाकट फोनमधून चुकून एक चॅट डिलीट झाला. म्हटलं बॅकअप आहे ना, आणू परत. जानेवारीचा बॅकअप होता, केला रिस्टोअर. मला वाटलं जे नाही तेवढं येऊन मिळेल. ते अख्खा फोन पुसतं आणि जानेवारीचा फोन समोर ठेवतं! मधले तीन आठवडे गायब. त्यात नणंदेचं लग्न होतं. हळदीचे सगळे फोटो माझ्याकडेच होते कारण फोटोग्राफर उशिरा आला होता.

नणंद अजून दर लग्नात विषय काढते. दर लग्नात.

मीठभाकर
नणंदांचा बॅकअप पक्का असतो ताई, त्यांना रिस्टोअर लागत नाही

आभाळमाया
😂😂 हे तिला पाठवू का

मीठभाकर
मला नाशिकमध्ये राहायचंय

सेकंडशिफ्ट
फोटो कधीही 'कट' करून पेस्ट करू नका हे पण लिहा कोणीतरी. मी गावी दिंडोरीला असताना कट केलं, चार हजार फोटो, अर्ध्यात लाइट गेली. डेस्कटॉप बंद. आल्यावर बघतो तर काही फोटो इकडे, काही तिकडे, आणि काही दोन्हीकडे नाहीत. आधी कॉपी, मग दोन्हीकडचा आकडा जुळवायचा, चार-दोन उघडून बघायचे, मग फोनमधून काढायचे. आमच्या लाइनवर माल मोजून घेतो तसं.

हिरवळ
एमजी रोडवरच्या एका दुकानात फक्त डिस्प्ले बदलायला फोन दिला होता. संध्याकाळी परत घेतला तर भाषा निवडा, देश निवडा. "सॉफ्टवेअर मारलं मॅडम, आता मक्खन चालेल." विचारलं नाही, सांगितलं नाही. मी तिथेच स्टुलावर बसून रडले, त्याने चहा मागवला. चहा चांगला होता हेच वाईट.

गंगेकाठची
@हिरवळ अगं 🫂

हिरवळ
आता दुकानात द्यायच्या आधी रात्रीच लॅपटॉपला लावते. डीसीआयएम (कॅमेऱ्याच्या फोटोंचं फोल्डर), डाउनलोड आणि व्हॉट्सअ‍ॅपचं ते फोल्डर. बाकी गेलं तर जाऊ दे. हो, आणि बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅपं पुन्हा नव्याने सुरू करावी लागतात, सिमवरून मेसेज जातो, तेव्हा सिममध्ये बॅलन्स ठेवा. भाजीवाल्यासमोर कळलं मला हे.

टिकटिक
मला एक कळत नाही, हे सगळं करण्यापेक्षा गूगल फोटोज आहे ना

जुनाबग
आहे. १ जून २०२१ पासून फुकटचं अमर्याद बंद झालं. आता मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून १५ जीबी. आयक्लाउडचं ५. आपल्या घरच्या एका बारशाचे व्हिडिओ ५ जीबीत मावत नाहीत. पैसे भरायचे तर भरा, वाईट काहीच नाही त्यात. मी दोन्हीकडे ठेवतो. ३१ मार्चला जागतिक बॅकअप दिन असतो म्हणून तो दिवस धरलाय.

मीठभाकर
३१ मार्चला आमच्या ऑफिसात माणसाला जेवायला वेळ नसतो आणि हे बॅकअप घेतायत

आभाळमाया
ताई, भाच्याच्या फोनचं काय झालं ते राहिलंच! तांदळात ठेवला का?

गंगेकाठची
आईने ठेवला होता, घोटीहून आणलेल्या इंद्रायणीत. दोन दिवसांनी फोन मेलेलाच आणि चार्जिंगच्या भोकात तांदळाची कणी. तो तांदूळ टाकून दे म्हटलं तर आई म्हणाली इंद्रायणी टाकत नाहीत, भात केला. मऊसूत झाला होता, पण मी घास मोजून खाल्ले.

जुनाबग
तांदळात ठेवू नका असं अ‍ॅपलनेच २०२४ मध्ये लिहिलंय. बारीक कण आत जातात. तोंड खाली करून हलकेच झटकायचा आणि वाऱ्यावर ठेवायचा.

गंगेकाठची
उशीर झाला. असो. भाच्याचं बरंचसं त्याच्या बापाच्या लॅपटॉपवर निघालं, परीक्षेच्या नोट्स सोडून. त्याला फारसं दुःख झालेलं दिसत नाही.

माझ्या पासवर्डचा रिपोर्ट: परवा रात्री दोघं बसलो. लग्नाची तारीख, स्कूटरचा नंबर, मुलाचं पाळण्यातलं नाव, कॅप्स लॉक लावून, न लावता. चौदा झाले. नवरा म्हणाला, "मी टाकलाच नव्हता, तूच टाकलास." दहा वर्षांत हे पहिल्यांदा ऐकतेय. सासूबाई बाजूला वाती वळत होत्या, म्हणाल्या, "टोपी टाकून बघ." पंधरा. नाही उघडलं. पण मग त्यांनी तो भांडणाचा प्रसंग पूर्ण करून सांगितला, शेवटी टोपी सासऱ्यांच्याच काखेत निघाली होती आणि पोलिसाला त्यांनी प्रसादाचा पेढा दिला. माझ्या आठवणीत तो व्हिडिओ त्याच्या आधीच संपतो.

भांडीबाजार
सोळावा 'पेढा' टाका.

गंगेकाठची
टाकला. नाही 😄

निवांत नाना
माझा प्रश्न राहिला. 'ट्रस्ट' दाबायचे की 'डोन्ट ट्रस्ट'? मुलगा रविवारीच फोन करतो.

जुनाबग
सॉरी नाना, निसटलं. कॉम्प्युटर घरचाच आहे ना? मग ट्रस्ट दाबा.

निवांत नाना
दाबले. आता सहा आकडे मागत आहे.

जुनाबग
तो फोन उघडायला तुम्ही रोज टाकता तोच. इथे लिहू नका!

निवांत नाना
लिहिला होता. खोडला.