मदत हवी आहे: भाव वाढवल्यावर पैठणी जास्त खपली, हा वेब्लेन परिणाम (महाग आहे म्हणूनच मिरवायला घेणं) म्हणायचा का?

एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी मामांच्या नाशिकमधल्या साडीच्या दुकानाची तीन वर्षांची बिलबुकं चाळतोय. येवल्याची हातमागाची पैठणी, विणकर तोच, काठही तोच. भाव १८ हजारांवरून २४ हजार केला आणि खप घटायच्या ऐवजी वाढला. सेमी पैठणीचा खप मात्र होता तिथेच.

लग्नसराई धरली आहे: मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिलं, फरक उरतोच. गिऱ्हाइकांना विचारलं तर सगळ्या म्हणतात "पोत छान आहे". (मिरवायला घेतली असं काउंटरवर कोण कबूल करणार?) एक बाई मात्र पदर उलटा करून जावेला दाखवत होत्या, "बघ, मागूनही मोर तस्साच, हातमागाची आहे."

वेब्लेनने १८९९ मध्ये दिखाऊ उपभोग मांडला, लायबेनस्टाइनने १९५० मध्ये त्यापासून स्नॉब (सगळे घेतात म्हणून नको) आणि बँडवॅगन (सगळे घेतात म्हणून हवं) परिणाम वेगळे काढले, इथवर वाचलंय. पण महाग म्हणजे दर्जेदार असा समज असेल, किंवा लोकांचं उत्पन्न वाढून मागणीची रेषाच सरकली असेल, तरी माझे आकडे असेच दिसतील.

प्रयोग म्हणून भाव वरखाली करायला मामा तयार नाहीत. बिलावर उत्पन्न नसतं. ३०-४० जणींची छोटी प्रश्नावली मात्र जमेल.

मग प्रश्नावलीत नेमकं काय विचारलं, तर दिखाव्याची मागणी आणि दर्जाचा समज वेगळे काढता येतील?