छोटं निळं फुलपाखरू, नाव हवंय (लवकर!)

गच्चीवरची: लेकीचा प्रोजेक्ट उद्या द्यायचाय. फुलपाखरू निळं, नखाएवढं. बसलं की राखाडी दिसतं. फोटो काढेपर्यंत पसार. गूगलवर ढिगाने निळी येतात, सगळी सारखीच. नाव सांगा फक्त.

चहाबिस्किट: नीलवंत! आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ पासून. प्रोजेक्टला शोभेलही.

रानभूल: अहो, नीलवंत पंख पसरून तळहाताएवढं भरतं. नखाएवढं कुठून? ताई, गाव कुठलं? मागच्या पंखाला शेपटी आहे का? कुठल्या झाडाजवळ दिसतं?

गच्चीवरची: पुणे. शेपटी कोण बघत बसलंय!

चौथामजला: पेल ग्रास ब्लू, डोळे झाकून लिहा. आमच्या लॉनवर आंबुशीत हीच असतात. अंडीही आंबुशीवरच घालतात.

रानभूल: डोळे झाकूनच ओळखायचं तर प्रश्नच मिटला. ग्रास ब्लूला शेपटी नसते, ते गवतालगत उडतं. म्हणून तर विचारतोय.

कुंडीवाला: कडुनिंबाचं तेल फवारा, आठवड्यातून एकदा. माझ्या लिंबावरची अळी गेली. लिंबं अजून धरत नाहीत, ते वेगळं.

गच्चीवरची: कीड कोणी विचारली?? बरं, लेक म्हणते शेपटी आहे, दोऱ्यासारखी. शोभेच्या पामची नवी पालवी फुटली की येतात. पालवी कुरतडलीय, मुंग्याही लागल्यात.

रानभूल: हे आधी सांगायचं ना! तो पाम नव्हे, सायकस असणार. आणि फुलपाखरू प्लेन्स क्युपिड. अळ्या सायकसची कोवळी पालवी खातात, पानं निबर झाली की त्यांना चावत नाहीत. अळीच्या अंगातून गोडसर रस पाझरतो, तो मुंग्या पितात आणि बदल्यात तिची राखण करतात. मुंग्यांचा खडू ओढू नका. शेपटीजवळ नारिंगी कडेचा काळा ठिपका असतो, तोही बघा. तो डोळ्यासारखा दिसतो, पक्षी डोकं समजून तिथे चोच मारतो आणि फुलपाखरू शेपटीवर निभावून निसटतं. मला हे नीलवंतापेक्षा भारी वाटतं.

चहाबिस्किट: राज्य फुलपाखराचा अपमान नको.

चौथामजला: फोटोशिवाय मी मानत नाही. पावट्यावरचं पी ब्लू पण शेपटीवालंच.

रानभूल: पावटा आहे का गच्चीत? नाही ना. शिवाय पी ब्लूच्या पंखाखाली लाटांसारख्या रेघा असतात.

गच्चीवरची: नारिंगी आहे! लिहिलं. आता लेक अळी शाळेत न्यायची म्हणतेय. डब्यात काय घालू?

रानभूल: सायकसचीच कोवळी पालवी. झाकणाला भोकं पाडा.

कुंडीवाला: आणि राहिलेल्यांवर तेल.