हाताची गोधडी महाग का पडते

मशीनवर गोधडी आठशे रुपयांत होते, मग हाताच्या गोधडीला तीन हजार मागणं ही लूट आहे, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. आमच्याकडे आजी आणि तिच्यामागे आत्या, दोघींनी पेठेतल्या वाड्यात गोधड्या शिवूनच घर चालवलं. कापडाचा खर्च फारसा नसतोच. जुनं नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटर. चार तुकडे करून दोन-दोन जोडले की वरची-खालची दोन्ही अंगं त्यातच निघतात. (आई जुनी लुगडी बोहारणीला देऊन डबे घ्यायची, त्यावरून आत्याशी वाजायचं.) वेळ खातो तो धावदोरा, म्हणजे खाली-वर जाणारा साधा हातटाका. कडेपासून सुरू करून, बोटाबोटाच्या अंतरानं, चौकोनात फिरत मधोमध यायचं. घरचं सगळं सांभाळून एका गोधडीला पंधरा दिवस कुठेच गेले नाहीत.

एकदा घाईच्या ऑर्डरला आत्यानं मशीन लावलं. चार धुण्यांत जुनं लुगडं नेमकं शिलाईच्या रेघेवर फाटलं. मशीनचा टाका बारीक आणि घट्ट, विरलेल्या कापडाला तो कापतो. हाताचा सैल टाका कापडाबरोबर हलतो. ती गोधडी तिनं उसवून फुकट परत शिवून दिली. अंगुस्तान (सुई ढकलताना बोटात घालायची टोपी) तिला कधी जमलंच नाही, मधल्या बोटाला सुईच्या बुडानं पडलेला खळगा अजून आहे.