कोकणात गाड्या टाळून कच्च्या रस्त्यांवर सायकल कुठे चालवावी? (नोव्हेंबर, ३ दिवस)

चेनतेल:
नमस्कार मंडळी, दिवाळीनंतर आम्ही तिघे सायकली घेऊन कोकणात उतरायचं म्हणतोय. सागरी महामार्ग रेवस ते रेडी दोनदा करून झाला, मजा आली पण आता शनिवार-रविवारी तिथे इतक्या गाड्या की खड्डा बघू का मागून येणारा हॉर्न ऐकू तेच कळत नाही. यावेळी समुद्र नको. डोंगर, झाडी, लाल मातीचा रस्ता आणि दिवसाला चार-पाचच गाड्या भेटल्या पाहिजेत. माझी ग्रॅव्हल बाईक (कच्च्या रस्त्याची, ४० मिमीचे टायर), एकाची एमटीबी (माउंटन बाईक), एकाची हायब्रिड ३५ मिमी वाली. रोज ५०-६० किमी जमतं. युरोपातले जंगलातले ग्रॅव्हलचे व्हिडिओ बघून डोकं फिरलंय, तसलं काही आपल्याकडे असेल तर सांगा.

सड्यावरचा:
तसलं नाही हो आपल्याकडे, आधीच सांगतो म्हणजे नंतर शिव्या नको. इथे जंगल पाहिजे तर पायथ्याला जावं लागतं आणि तिथले गावरस्ते आता बहुतेक डांबरी झालेत, कच्चा पाहिजे तर सडा, म्हणजे वरचं उघडं कातळाचं पठार, पण सड्यावर झाड औषधाला नाही. दोन्ही एकत्र मिळतं ते दोन-चार किमीच्या तुकड्यात, ते तुकडे जोडत जायचं.
आणि नकाशावरच्या बारीक रेघांवर विश्वास ठेवू नका. मी एकदा घरी बसून झकास रूट काढला, तिथे गेलो तर पहिली रेघ चिरेखाणीत जाऊन संपली, समोर वीसेक फूट सरळ कापलेला खड्डा, कठडा-बिठडा काही नाही. दुसरी रेघ निघाली पाखाडी. जांभ्याच्या (लाल दगडाच्या) दीडेकशे पायऱ्या, सायकल खांद्यावर, आणि खाली विहिरीवरच्या आजी विचारतायत, "बाळा, बिघडली काय रे?" तिसरी एका आंबेवाल्याच्या कलमात शिरली, तिथे राखण्याने दोन कुत्री सोडली. त्यामुळे सॅटेलाइट व्ह्यू लावा. लाल चौकोनी ठिगळं दिसली की खाण समजायचं, तिथे चिऱ्याचे ट्रक असतात आणि त्यांच्या मागची धूळ दोन दिवस नाकातून जात नाही.

चेनतेल:
हाहा, आजींचा प्रश्न बरोबरच होता. मग सडा कुठला?

सड्यावरचा:
रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, गावखडी करत कशेळीला या. एवढाच समुद्र सहन करा. पहाटे निघालात तर गाड्या नसतात. कशेळीत कनकादित्याचं देऊळ आहे आणि सड्यावर ते प्रचंड हत्तीचं कातळशिल्प, त्या एका हत्तीच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेत, पहिल्यांदा बघताना माणूस येडा होतो. तिथून आडिवरे, देवीहसोळ, पुढे देवाचे गोठणे असं गावोगाव फिरा, रस्ते डांबरी पण मधल्या सड्यांवरून मातीच्या गाडीवाटा फुटतात, त्या गावात विचारून धरा. देवाचे गोठण्याला कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुई भलतीकडेच फिरते, करून बघा. २०२२ पासून ही कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, पण त्याच्या आधीपासून लोक त्यांच्यावरून दुचाक्या घालतायत. तुम्ही सायकल लांब गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकवा आणि चालत जा, एवढं कराच.
सड्यावर पाणी नाही, सावली नाही. सहाला निघा, साडेदहाला कुठल्यातरी वाडीत टेका. नोव्हेंबरात गवत पिवळं पडायला लागतं, फुलांचा बहर हवा असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात यायला हवं होतं.

जगबुडीकाठ:
सडेवाले नेहमी सडाच विकतात. 😄 झाडी पाहिजे म्हणतायत ना ते, मग रघुवीर घाट करा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडहून खोपी वीसेक किमी, तिथून चढ सुरू, वरती साडेसातशे मीटरच्या घरात जातो आणि पलीकडे साताऱ्याच्या कांदाटी खोऱ्यात शिंदी, वळवण वगैरे गावं लागतात. मुख्य गंमत म्हणजे हा रस्ता पुढे कुठल्याच शहराला जात नाही, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाने अडवलाय, म्हणून थ्रू ट्रॅफिक शून्य. त्या गावातली माणसं, एखादी जीप, बास. डांबर आहे पण पावसाने इतकं खाल्लेलं असतं की तुमच्या ४० च्या टायरला ग्रॅव्हल वाटेल. जाऊन-येऊन साठ-सत्तर होतात.
पावसाळ्यात जाऊ नका, दरडी येतात, प्रशासन बरेचदा पर्यटकांना बंद करतं. आणि वरचा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कडेचा आहे, रस्ता सोडून जंगलातल्या वाटांत सायकल घालायची नाही, वनखात्याला विचारल्याशिवाय तर नाहीच. खाण्याचं खेडातच भरून घ्या, वर हॉटेल शोधत बसाल.

ताम्हनकाठी:
गिअरचं कोणी बोललं नाही म्हणून. कोकणातली घाटी लांब नसते पण अशी उभी असते की पुढचं चाक उचलतं. पुढे ४० दातांची एकच चकती असेल तर मागची सगळ्यात मोठी किमान ४२ दातांची पाहिजे नाहीतर ढकलायची तयारी ठेवा (लाज नाही, मीही ढकलते). जांभ्याचे गोटे बेअरिंगसारखे गोल असतात, उतारावर पुढचा ब्रेक जोरात दाबलात की गेलात. ट्यूबलेस असेल तर उत्तम, करवंदीच्या काट्यांनी माझ्या एका दिवसात तीन ट्यूबा गेल्यात. आणि सावलीतल्या जुन्या शेवाळाच्या कातळावर, ओलं दिसलं की उतराच.

भालचंद्री:
दोडामार्ग कुणीच कसा सांगला नाय? तिळारीच्या वरच्या बाजूक जी झाडी आसा ती वर रत्नागिरीत खय मिळतली. पण मी बोलावनंय नाय, उलट सांगतंय, थंय हत्ती आसत, २००२ च्या आसपास कर्नाटकातून इले ते आता घरचेच झाले. सांजचो जाव नको. आणि २०१६ पासून आमच्याकडे माकडतापाची केस झालेली आसत, गोचीड चावून होता तो, त्यामुळे डिसेंबर ते मे पानांच्या पाचोळ्यात बसान डबो खाव नको, लांब मोजे घाला. तिळारी २०२० मध्ये संवर्धन राखीव झाला, आतले रस्ते विचारल्याशिवाय नाय. तुमका शांतच होया तर आंबोलीत ऱ्हवा आणि सकाळचे चौकुळाक जावा, पावसाळो संपल्यावर त्या रस्त्यार गुरां जास्त, गाडये कमी.

चेनतेल:
बापरे, हत्ती नको. तीन दिवसांत आंबोलीपर्यंत पोचणार नाही तसंही. रघुवीर + सडा असं धरतो. ट्रेनचं काय?

जगबुडीकाठ:
पार्सल ऑफिसात बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये (सामानाच्या डब्यात) टाकता येते पण लहान स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात सायकल उतरली तर नशीब. चिपळूण किंवा रत्नागिरी धरा. नाहीतर चाकं काढून पिशवीत घाला आणि डब्यातल्या काकूंशी आधी ओळख करून घ्या. राजापूर रोड स्टेशन मात्र राजापूरपासून भलतंच लांब आहे, नावाला भुलू नका.

चेनतेल (तीन आठवड्यांनी):
आलो. रघुवीरला दुपारी बारापर्यंत एकूण सहा गाड्या, त्यातल्या दोन दूधवाल्याच्याच येऊन-जाऊन. वर धुकं, एका वळणावर शेकरू दिसली, तिला बघायला थांबलो आणि मागून हायब्रिडवाला येऊन आपटला, सगळे ठीक. येताना खोपीच्या अलीकडे रस्त्यावर भात वाळत घातलं होतं, कडेच्या चिखलातून गेलो तर एका मावशींनी आत बोलावून पेज आणि सुकट दिलं, पैसे घेतले नाहीत. सड्यावर सातलाच घामाघूम. कशेळीचा हत्ती बघून हायब्रिडवाला पहिल्यांदाच पाच मिनिटं गप्प बसला. कच्चा रस्ता मोजला तर तीन दिवसांत जेमतेम ३१ किमी निघाला, सडेवाले साहेब बरोबर बोलले होते.
एक शंका राहिली, हँडलच्या पांढऱ्या बारटेपवरची लाल माती कशाने जाते?

सड्यावरचा:
जात नाही. पुढच्या वेळी लाल टेप घ्या.